जादूचं वल्हं आणि एक खेकडा

२ ऑगस्ट
शाळेला सुट्टी लागली. आजपासून कादंबरी. मुलांसाठी, जादूची, साहसाची आणि मुख्य म्हणजे मैत्रीची. सुट्टी संपायच्या आत पूर्ण करणार म्हणजे करणार. सबंध आन्लोगा गावात कादंबरी लिहिणारा पहिला माणूस मीच. चौकशी केलेली नाही, पण खात्री आहे. टेबल खिडकीशी नेलं. समुद्राचं वारं कागद उडवतं. टेबल परत आत.

४ ऑगस्ट
कथानक फक्कड जमलंय! कोकू आणि फोली, जिवलग मित्र. कोकू हुशार, देखणा, शूर. फोली जरा बावळट. जादूचं वल्हं मारत दोघे खाडीच्या तळाशी बुडालेल्या राज्यात जातात. तिसऱ्या प्रकरणात फोलीचा खेकडा होतो, अर्थात स्वतःच्या वेंधळेपणामुळे. कोकू मला कसा काय सुचला कोण जाणे.

७ ऑगस्ट, संध्याकाळ
दोत्से रोजच्यासारखा आला. आमची मैत्री चड्डीत असल्यापासूनची. मी मास्तर झालो, तो बारके कांदे पिकवतो. काय लिहितोयस एवढं, म्हणाला. तिन्ही प्रकरणं भावपूर्ण आवाजात वाचली. फोलीला बोलण्याआधी टोपी गरगर फिरवायची सवय आहे. दोत्सेलाही आहे. निव्वळ योगायोग. खेकडा होईपर्यंत दोत्सेने ऐकलं, मग टोपी घातली आणि वाफ्यांना पाणी द्यायचं राहिलंय म्हणत निघाला. दिवसभर पाऊस पडत होता. भारावून गेला असणार बिचारा.

९ ऑगस्ट
दोत्से आला नाही, कालही नाही. बरंच झालं, निवांतपणा मिळाला. एक वाक्य लिहिलं. खोडलं. चहा. अंगणात फेऱ्या. एन्योनाम म्हणाली, बसा हो एका जागी, कोंबड्यांना चक्कर येतेय. ही माझी बायको. कलावंताच्या घरात राहूनही कोरडी ठणठणीत.

१३ ऑगस्ट
अजून नाही. एन्योनाम म्हणे, मास्तर, जन्माच्या मित्राला खेकडा केलात आणि आता दाराकडे काय डोळे लावून बसलाय? मी म्हणालो, फोली काल्पनिक आहे. मग टोपी कुणाची, म्हणाली. वाद घालण्यात अर्थ नाही. आणि मी दाराकडे बघत नव्हतो. खुर्चीचं तोंडच तिकडे आहे.

१८ ऑगस्ट, दुपार
बाजारात दोत्से दिसला, कांद्यांच्या पोत्यावर बसलेला. मोठ्या मनाने आपण होऊन गेलो. तर मला म्हणतो, बोला, किती देऊ? बोला! मला! मी गांगरून टोपलीभर कांदे घेतले. घरी आधीच कांदेच कांदे, सगळे त्यानेच आणून टाकलेले. एन्योनामने टोपलीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि काही बोलली नाही. ती बोलते तेव्हा परवडतं.

प्रकरण चार सुचत नाही. पंखा फार आवाज करतो.

२१ ऑगस्ट
तोडगा सापडला. शेवटच्या प्रकरणात मैत्रीच्या जादूने खेकड्याचा परत माणूस होईल. शनिवारी चर्चच्या आवारातल्या झाडाखाली पोरांना जमवून वाचणार. दोत्से ऐकेल, विरघळेल, गळ्यात पडेल. माफी मागायचा प्रश्नच नाही, माझं चुकलंय कुठे? एन्योनामकडून निरोप धाडला. दोत्से म्हणाला, बघू. म्हणजे येणारच.

२५ ऑगस्ट, शनिवार
पोरं खूप आली. (एन्योनामने गोड गोळे तळले होते, पण ते कारण नसावं.) आपल्याकडे गोष्ट चालू असताना कुणीही उठून ‘थांबा, त्या दिवशी मी तिथं होतो!’ म्हणतं आणि गाणं लावतं. गोष्ट रटाळ असली की जास्तच, असं एन्योनामचं मत. मला तर कोकूच्या पहिल्याच भाषणात थांबवलं. दुसऱ्यातही. मित्राचं कर्तव्य या विषयावरचं भाषण शेवटपर्यंत होऊच दिलं नाही. केवढा तो उत्साह!

मग मागून जाडा आवाज आला. थांबा, त्या दिवशी मी तिथं होतो! दोत्से! हातात टोपी. जागच्या जागी खेकड्याचं गाणं रचलं आणि तिरका तिरका नाचायला लागला. पोरं फिदीफिदी हसून लोळली. गाणं संपलं तरी थांबेना. पाण्याखाली खेकड्याने काय काय पाहिलं ते सांगत सुटला, आणि पोरांनी माझ्याकडे सरळ पाठ केली. मी ओरडून विचारलं, आता याचा माणूस करू ना? सगळी एका दमात ओरडली, नाही! कागद घडी करून खिशात घातला. दोत्से माझ्याशी न बोलता गेला.

२६ ऑगस्ट
एकंदरीत वाचन यशस्वी. जेवण गेलं नाही.

१ सप्टेंबर
पोरं आता रोज संध्याकाळी दोत्सेच्या अंगणात जमतात. आज मीही गेलो. गोष्ट ऐकायला नव्हे, बाजारातली टोपली परत करायला. कुंपणाशी थांबलो. एका चिमुरडीने विचारलं, खेकडा राहिला तळाशी, मग त्या कोकूचं काय झालं? दोत्सेने टोपी फिरवली. म्हणाला, काय होणार? वल्हं जादूचं, पण होडीत बसायला कुणी नाही. बसलाय काठावर. पोरगी म्हणाली, अरेरे.

तीन आठवडे मी कुणाशी धड बोललेलो नाही. फार आठवण येत होती त्याची, फार. कुंपणाआडूनच तोंडातून निघून गेलं, थांबा, त्या दिवशी मी तिथं होतो.

सगळ्यांनी वळून पाहिलं. दोत्से म्हणाला, मग गाणं म्हण.

गाणं येईना. उभाच राहिलो, टोपली पोटाशी धरून. पोरं वाट बघत होती. मग दोत्सेनेच पहिली ओळ लावून दिली आणि बाकावर सरकून जागा केली. मी मागून म्हटलं. मास्तर बेसूर आहेत, असं त्या पोरीचं म्हणणं पडलं.