पंचेचाळीस अँपिअर आणि सारजाबाईंचा पाइप

मारुंजी, ता. मुळशी
दसऱ्याचा दुसरा दिवस, २००८

ती. चंद्रकांतदाजींना मेहुणा दयानंदचा वाकून नमस्कार.

तुमचं दुरुस्तीचं दुकान, तुमचा गुडघा आणि ताईचा राग, तिन्ही आटोक्यात असतील अशी आशा. (मेल केला असता, पण तुमच्या दुकानात कॉम्प्युटर येतो तो बंद पडूनच.)

दाजी, माझ्या रिमोटच्या शर्यतीच्या गाडीला स्पीड कंट्रोलर मिळाला! (बोटभर डबी हो, रिमोट जेवढा दाबाल तेवढाच करंट मोटरला सोडते.) जुन्या डबीपायी मी चारही शर्यतींत शेवटचा आलो, आणि पाचव्यांदा आलो तर गाडी कायमची माळ्यावर, असं आशालताने देवासमोर वदवून घेतलंय. शर्यत पुढच्या रविवारी. मग काय, दोन महिने ऑफिसात तक्ता मांडून बसलो (साहेबांना वाटलं, पोरगं मरमर राबतंय, शाबासकीही दिली!). जपानी डबीची किंमत ऐकून दुकानदाराकडे पाणी मागितलं. दुसरी स्वस्त, पण वीस अँपिअरची. आमची मोटर सुटताना तीस ओढते, म्हणजे पहिल्याच फेरीत तिचा होम. शेवटी पंचेचाळीसची चिनी घेतली. स्वस्त का, तर तिला पाणी चालत नाही. म्हटलं, शर्यत काय नदीत आहे? बसवली, आणि काय पळाली म्हणून सांगू! घरमालक हैबतरावांच्या खळ्यावरच्या कोंबड्या अजून झाडावरून उतरलेल्या नाहीत.

पण काल दसरा. हैबतरावांच्या सारजाबाईंनी पूजेसाठी ट्रॅक्टर धुतला, दोन मोटारसायकली धुतल्या, आणि पायरीवर दिसली आमची गाडी! मी आंघोळ करून येतो तर तिच्यावर पाइप सोडलेला. मी ओरडलो, तर म्हणतात कशा, "गाडी ती गाडी. ल्हान हाय म्हून काय पारोशी ठिवायची व्हय?" वर हळदकुंकू, झेंडूची माळ, चाकाखाली लिंबू. इतक्या मायेने केलेलं, रागवायचं तरी कसं? आणि मला मूर्खाला दम निघेना. पंच्याने पुसली न् बॅटरी जोडली. चुर्र! धूरच धूर! हैबतरावांनी हात जोडले, "बरं झालं, दिष्ट लागली व्हती, जळाली." दाजी, खरं सांगतो, रडूच आलं.

असो. घरच्यांना वयाप्रमाणे नमस्कार-आशीर्वाद वाटून द्यावेत.

तुमचा,
दयानंद

ता. क. सोबतच्या खोक्यात जळकी डबी आहे. टीव्हीच्या टीव्ही उघडता तुम्ही, ही काय मोठी गोष्ट! पुढच्या शनिवारच्या आत एसटीने पाठवा, पाया पडतो.

ता. क. २ ताईला बोलू नका, ती लगेच आशालताला फोन करेल. खोक्यात तुमच्या गुडघ्याचं तेल आहे असं सांगून ते मी आशालताकडेच पोस्टात टाकायला दिलंय.

ता. क. ३ दाजी, मी आशालता. तेल सांडू नये म्हणून खोकं उघडलं. डबी जरूर दुरुस्त करा. माळ्यावर टाकते म्हणाले खरी, पण हे ऑफिसला गेले की खळ्यावर रोज मीच चालवते. आता मलाच ती सोडवत नाही. आणि चार शर्यती काही डबीपायी गेल्या नाहीत. वळण आलं की हे डोळे मिटून घेतात. रविवारसाठी मी माझं नाव दिलंय. ह्यांना ते कसं सांगायचं, तेवढं मात्र तुम्ही कळवा.