उन्हाचा रकाना

अप्पा,

आज दुपारी आमच्या कॉम्प्युटरमध्ये उंदराचं मूत्रपिंड बरोबर चाललं. हे तुम्ही ऐकलं असतं तर चष्मा कपाळावर सारून विचारलं असतं, "उंदराचं? आन् त्ये कशापायी?" तुम्हाला जाऊन एकोणीस वर्षं झाली, तरी तुम्हाला काय उत्तर द्यायचं याची जुळवाजुळव मी नांदेडला बसून रोज करतो. उंदीर, म्हैस, माणूस, सगळ्यांच्या मूत्रपिंडाचं काम एकच, अप्पा. अंगात पाणी कमी पडलं की लघवी दाट करायची आणि पाणी परत अंगात घ्यायचं. पाणी जपणं म्हणजे काय, हे लातूरच्या माणसाला वेगळं सांगायला नको. मूत्रपिंडात केसाहून बारीक नळ्या असतात. नळी खाली जाते, वळते, पुन्हा वर येते. वर येताना आपल्यातलं थोडं मीठ बाहेर टाकते, आणि त्या मिठाच्या ओढीनं शेजारच्या नळ्यांतलं पाणी बाहेर येतं. एका जागी फरक जरासाच पडतो, पण तो खाली खाली साचत जातो आणि तळाशी सगळं खारट होतं. तुम्ही म्हणायचात ना, एका फेऱ्यात तुरीचं साल निघत नाही, तसंच. हे सगळं मी गणितात मांडतो. कुठली नळी किती पाणी सोडते, किती मीठ टाकते, त्याची समीकरणं. सहा वर्षं मांडत होतो. वरच्या भागात सगळं ठीक यायचं. तळाशी मात्र खारटपणा चढायचाच नाही.

धर्माबादची एक मुलगी माझ्याकडे याच कामावर पीएचडी करते. तिचा प्रबंध महिनाअखेरीला द्यायचा आहे. मुदत एकदा वाढवून झाली, आता वाढणार नाही. गेल्या सोमवारी ती म्हणाली, "सर, मीठ ढकलणाऱ्या पंपाची ताकद थोडी वाढवली की जुळतंय. तेवढ्यासाठी कोण बघून राहिलं?" खरंच जुळत होतं, अप्पा. तिनं करून दाखवलं. कुणी बघितलंही नसतं. मी हो म्हणायला तोंड उघडलं, आणि समोर तुमची डाळमिल आली.

मी दहावीची परीक्षा देऊन गावाकडून लातूरला आलोय. तुम्ही मिलीत मिस्त्री. मला काट्यावर बसवलंय. आलेली तूर एका रकान्यात लिहायची. निघालेली डाळ, चुरा झालेली चुनी आणि भुसा दुसऱ्या बाजूला. आठवडाभरानं दोन्ही बाजू जुळेनात. निघालेला माल कमी भरत होता. मी गुपचूप ती तूट भुशात घातली आणि कागद तुमच्यापुढे धरला. तुम्ही तो लांब धरून वाचलात.

"भुसा इतका?"

"हाव, अप्पा."

"तूरच आली होती न्हवं? का शेतकऱ्यानं भुसाच पेरला होता?"

हमाल पोत्यावर बसल्या बसल्या हसले. तुम्ही हसला नाहीत. "सगळी पोती पुन्हा तोल. मग जेवायला ये."

तोलून झालं तरी तूट तेवढीच. तेव्हा तुम्ही मला गच्चीवर नेलंत. तेलाचा हात दिलेली तूर उन्हात पसरली होती. तळपाय भाजत होते. तुम्ही माझी मूठ तिच्यात खुपसलीत. "आली तवा सादळलेली होती. आता बघ कशी खडखड वाजती. तुझी तूट हितं गेली. उन्हानं नेली. त्याचा रकाना कुठाय?"

"उन्हाला रकाना, अप्पा?"

"जे जे नेतं त्याला रकाना पायजे. न्हाई तर तू भुशाच्या अंगावर घालशील."

मग, पोरानं सगळी पोती तोलली म्हणून, तुमच्या खिशातला शाईचा पेन काढून माझ्या खिशाला लावलात आणि पाठीवर हात ठेवलात. एवढं कौतुक तुम्ही त्यानंतर कधी केलं नाही.

त्या मुलीला मी ही तुरीची गोष्ट सांगितली आणि म्हणालो, पंपाला हात लावू नको. नळ्यांत किती पाणी शिरतं आणि बाहेर किती पडतं, दोन्ही बाजू मांड. तिनं नाराजीनं मांडल्या. तिसऱ्या दिवशी तूट सापडली, तीही तळाशीच. शेजारून वाहणारं रक्त नळ्यांतून बाहेर आलेलं पाणी उचलून नेतं. वरच्या भागात ते आम्ही लिहिलं होतं, तळाच्या भागात नव्हतं. आमच्या गणितात ते पाणी तिथंच साचून सगळं मीठ पातळ करत बसलं होतं.

"सर, हे गाळलं कुणी?" तिनं विचारलं.

"मी. सहा वर्षांपूर्वी. सोपं जावं म्हणून."

तिनं वहीत नवा रकाना आखला. मग म्हणाली, "बरं झालं सर. मी गाळलं असतं तर तुम्ही जेवू दिलं नसतं."

आज दुपारी रकाना भरून पुन्हा चालवलं. पडद्यावरची रेघ चढत गेली, नेहमी मान टाकायची त्या जागेवरून पुढे गेली आणि प्रयोगशाळेत खऱ्या उंदरांवर मोजलेल्या ठिपक्यांवर जाऊन बसली. एकही आकडा वाकवलेला नव्हता. ती खुर्चीतून उठून उभी राहिली. "सर, पंप आहे तस्साच आहे," एवढंच तीनदा म्हणाली. मी सदऱ्यावरूनच गळ्यातल्या इष्टलिंगाला हात लावला. त्यानं हे यंत्र उंदराच्या पोटात किती गुपचूप चालतं ठेवलंय, आणि ते कसं चालतं हे आज थोडंसं मला दिसू दिलं. माझ्या पन्नाशीला आलेल्या अंगात अप्पा, सोळा वर्षांचा पोरगा उड्या मारत होता. तिचा प्रबंध वेळेत जाईल. तिनं सगळ्या विभागाला पेढे वाटले. उंदराच्या नावानं एक वेगळा काढून ठेवला होता, तो शिपायानं खाल्ला.

हे पत्र तुमच्याच पेनानं लिहितोय. निब दोनदा बदलली, बाकी पेन तोच. पाठवायचं कुठं, म्हणून टेबलाच्या खणात ठेवीन. पण एक सांगायचं राहिलंय. त्या दिवशी मी सगळी पोती पुन्हा तोलली नव्हती. भूक लागली होती. शेवटची सहा तशीच सोडली आणि त्यांचे जुनेच आकडे उतरवले. तुम्ही पाठीवर हात ठेवलात तेव्हा सांगणार होतो, पण हात फार बरा वाटला. ती सहा पोती आज तोलली, असं समजा. पेन मात्र परत मागू नका.