कूलरचं तोंड

मंगळवार, संध्याकाळ

कुठल्याशा नव्या राजधानीतल्या एका इमारतीचं थ्रीडी चित्र उद्या क्लायंटला द्यायचं आहे आणि माझा कॉम्प्युटर मधेच बंद पडून राहिला. प्रोसेसर नव्वद अंशांच्या वर तापतो. कमी तापावा म्हणून काल त्याचं व्होल्टेज थोडं उतरवलं, तरी फरक नव्हता. आज दुपारी मात्र आकडा एकदम सत्तरवर! वाटलं, जमलं आपल्याला.

पाणी प्यायला उठली तर काय, बाबांनी कूलरचं तोंड माझ्या टेबलाकडे फिरवलेलं. वारा माझ्याही मानेवर येत होता, ते कळूच नये मला? स्वतः खाटेवर, बनियन घामानं चिंब, पेपरनं वारा घेत बसलेले.

"बाबा, हे काहून?"

"मले काय होते? जिंदगी रेल्वेच्या यार्डात उन्हातच गेली. तुयं काम अटकू नये."

दोनदा मी कूलर त्यांच्याकडे वळवला, दोनदा त्यांनी परत फिरवला. शेवटी ठोकून दिलं, "ओल्या हवेनं मशीन खराब होते." तेव्हा कुठे ऐकलं.

खोटं बोलली का मी? अगदीच खोटं नाही... व्होल्टेज आणखी उतरवू? आणि पुन्हा बंद पडला तर? उद्या काय देऊ?

आकडा परत एक्क्याण्णव. बाबा घोरून राहिले.

कूलरचं तोंड बाबांकडेच राहू दे.