कॉम्प्युटर बंद, आन ह्या वेळी मी न्हाय

सोमवार, ९ नोव्हेंबर १९९८

मी न्हाय केलं!

हे पैलं लिवून ठेवतो. घरात कुणी ऐकत न्हाय, वही तरी ऐकंल.

सकाळी डेअरीला दूध घालून आलो तर अक्का दारातच हुबी. हातात लाटणं. "काय केलंस रं मशिनला?" म्हणलं, कुठल्या मशिनला? एक बसला. लाटण्याचा.

कॉम्प्युटर चालू हुतोय, पर पुरा हुत न्हाय. दिवा लागतो, पंखा गरगरतो, आकडे पळत्यात — आन मग काळ्या पडद्यावर इंग्रजीत एकच ओळ. कीबोर्ड इज लॉक्ड, अनलॉक द की. तितंच थांबतो. कायबी दाबा, ढिम्म.

"कीबोर्डला कुलूप!" अक्का म्हणली. "आरं, पटंल आसं तरी काय लिवायचं व्हतंस."

आता तिचंबी चुकत न्हाय. तिनंच मला शिकवलं — एको लिवायचं, पुढं मनात येईल ते लिवायचं, की मशिन चालू हुताना ते पडद्यावर येतं. मला कॉम्प्युटरचं येवढंच येतं. येवढं बास हाय. एकदा अक्काच्या नावानं लिवलं, 'राजनंदिनी, आदी भांडी घास.' एकदा लिवलं, 'आत पाल शिरलीय, हळू बस.' त्या दिवशी अक्का शेजारच्या द्वारकाकाकूच्या वट्यापतोर पळाली. चपला हितंच.

तवापास्नं पडद्यावर काय बी आलं की नाव माझंच, बिरूचं!

पर ही ओळ माझी न्हाय. माझी इंग्रजी इतकी बरी असती तर धाईवीला दोनदा कशाला बसलो असतो?

ह्या वेळी गंमत न्हाय. अक्काचा प्रोजेक्ट त्याच्यात हाय — लायब्ररीचा प्रोग्रॅम, तीन म्हैने झालं करतीय. शनवारी बारामतीला क्लासात द्यायची शेवटची तारीख. दिला तर त्यांच्याच पुण्याच्या शाखेत शिकवायची नोकरी, ऱ्हायला हॉस्टेल. काल जेवताना आबा म्हणले, "शनवारी दिलास तर जा पुण्याला. न्हाय जमलं तर परत ह्यो विषय काडायचा न्हाय." आबांचं बोलणं म्हंजी कारखान्याचा भोंगा. वाजला की वाजला. वाद घालता येत न्हाय.

फ्लॉपीवर एक कॉपी व्हती. ती मी दिवाळीत फोडून बगितली, आत काय असतंय म्हणून. आत तपकिरी चकती असती. बाकी काय न्हाय.

हे मी केलंय. हे कबूल.

मंगळवार, १०

अक्कानं बारामतीला सुमितला फोन लावला. सुमित म्हंजी ज्यानं मशिन इकलं आन बसवून दिलं तो.

फोन लावायचा म्हंजी आदी आईला हाक मारायची. आई समद्याला कुलूप लावती. फोनच्या डायलला, टीव्हीच्या शटरला, साखरंच्या डब्याला. मला लावायचं ऱ्हायलंय. तिनं कमरंचा जुडगा काडला, डायल मोकळी केली, आन मागंच हुबी ऱ्हायली. (मला जुडगा लागत न्हाय. फोन ठेवायचा खटका टकटक हाणला की नंबर लागतो. पाच आकडा म्हंजी पाच टकटक. हे कुणाला म्हाईत न्हाय.)

सुमितनं इचारलं, "ताई, स्क्रीनवर काही लिहून येतंय का?"

अक्का म्हणली, "ते जाऊ द्या, ते आमच्या बिरूचं हाय. ते सोडून काय झालं असंल ते सांगा."

मी म्हणलं, आगं ते सांग की! तिनं डोळं वटारलं.

मग सुमितनं सांगितलं, डबा उघडा, रॅमची पट्टी काढा, खोडरबरनं पुसा, परत बसवा. डबा उघडला. अक्कानं मला स्क्रू-ड्रायव्हर दिला न्हाय, बॅटरी धरायला लावली. खोडरबर मात्र माझं. धाईवीच्या दुसऱ्या खेपेला घेतलेलं, तसंच नवं कोरं. त्याचा उपेग झाला येकदाचा.

पट्टी चकाचक. परत चालू केलं. कीबोर्ड इज लॉक्ड.

अक्का म्हणली, डबाच गाडीवर घालून आणते. सुमित म्हणला, "तुमच्या सणसरचा रस्ता बघता तो आणू नका, हार्डडिस्कचा भुगा होईल. मी सोमवारी येतो."

सोमवार म्हंजी शनवारच्या नंतर. हे मी मोठ्यानं म्हणलो. म्हणायला नको व्हतं.

बुधवार, ११

सकाळपास्नं लाईट न्हाय. तरी बी शिव्या मलाच.

गुरुवार, १२

काटेवाडीला अक्काची मैत्रीण मेघना हाय, तिचा कीबोर्ड आणायला गेलो. मी आपणहून. येताना एसटीत कंडक्टर म्हणला, हे काय रं? म्हणलं, पेटी. म्हणला, मग वाजव. म्हणलं, हिला लाईट लागती. सणसरपतोर माझ्याकडं आदरानं बगत व्हता.

कीबोर्ड बदलला. तीच ओळ!

मग द्वारकाकाकू आल्या. म्हणल्या, येवढी हुशार पोरगी, दिष्ट लागली असंल मशिनला. मीठ-मिरच्या ओवाळून चुलीत टाकल्या. ठसका आला न्हाय. म्हंजी लई मोठी दिष्ट! मशिन तसंच. पर काकू खूश.

अक्का रडली. आमच्यापुढं न्हाय, गोठ्यात. म्हशीपुढं. मी गेलो. म्हणलं, अक्का, खरं सांगतो, ही ओळ माझी न्हाय.

"तुझं खरं कसं असतं रं दिसायला?" म्हणली. "मी तर कदी बगितलं न्हाय."

मी म्हशीकडं बगितलं. म्हशीलाबी पटलं नव्हतं.

जेवताना आई तिला चवथी भाकरी वाढत व्हती. पैलीच अजून ताटात. आई तिच्याकडं बगत बी नव्हती, नुसती वाढत व्हती.

शुक्रवार, १३

आज लई झालं. सगळं नीट लिवतो.

आबा आन अक्का सकाळीच बारामतीला गेले. क्लासात मुदत मागायला. आई न्हाणीत. जुडगा खुंटीला. टीव्हीवर मॅच. मी शटरची किल्ली हुडकाय लागलो — आन हातात एक भलतीच किल्ली आली. बारकी, गोल, नळीवानी. आईच्या समद्या किल्ल्या मला डोळं झाकून वळखू येत्यात. ही कदीच बगितली नव्हती.

मॅच ऱ्हायली. कॉम्प्युटरच्या डब्यावर पुढं, दिव्याच्या शेजारी एक गोल भोक हाय. दोन वर्सं मी त्याला स्क्रू समजत व्हतो. किल्ली घातली. बसली! फिरवली. टक.

मशिन चालू केलं. आकडे पळाले. ओळ आली न्हाय. मी कीबोर्डवर बिरू लिवलं. बिरू आलं!

कीबोर्डला खरंच कुलूप व्हतं. मशिन पाच दिवस खरं सांगत व्हतं आन आमी त्याला बिरू समजत व्हतो.

मागं बगितलं तर आई. केस वले, तसेच पाठीवर.

म्हणलं, "आये, ही किल्ली तुझ्याकडं कशी?"

"त्या सुमितनं दिलती. घरातल्या किल्ल्या कुणाकडं असत्यात म्हणला, तुमी समद्यांनी माझ्याकडं बोट केलं."

खरं हाय. केलं व्हतं. आमी इसरलो. आई किल्ली इसरत न्हाय.

"मग लावलंस कदी?"

"ऐतवारी. आबा जा म्हणले तवा." खाली बसली. पदरानं केस पुसाय लागली. "टीव्हीला कुलूप लावलं की तुमी घरात दोन शब्द बोलता. फोनला लावलं की माणूस बोलायला घरी येतं. म्हणलं, ह्याला लावून बगावं. ऱ्हाईल."

मी किल्ली भोकातनं काडली.

"ती गेली की म्या कुणाशी बोलू रं? तू हाईस, पर तू बोलतोस त्यातलं कुठलं खरं धरावं?"

दोन दिवसात दोघींनी तेच सांगितलं.

मग म्हणली, "जा, सांग समद्यांस्नी. तू न्हाय केलं म्हणून. लेकरा, तुला उगा मार बसला."

दुपारच्या एसटीनं आबा आन अक्का आले. तोंडावरनंच कळलं, मुदत मिळाली न्हाय. अक्का खाटंवर बसली ती चप्पल बी काडंना.

जन्मात पैल्यांदा माझ्याकडं खरं व्हतं, वर पुरावा. आई चुलीपुढं. पाठ आमच्याकडं. भाकरी थापायची थांबलेली.

मी म्हणलो, "मीच केलं व्हतं. आता काडलं. मशिन चालू हाय."

खोटं बोललो. लगीच पटलं समद्यांना!

आबांनी एकच दिली. पर आबांची. अक्का "म्हाईतच व्हतं मला!" म्हणत मशिनकडं पळाली. एक चप्पल पायात, एक खाटंखाली. चुलीपुढं परत थाप-थाप चालू झालं.

किल्ली मी जुडग्यात परत लावून ठेवली. जितली तितं.

शनिवार, १४

प्रोजेक्ट दिला. अक्का माझ्याशी बोलत न्हाय. कान अजून वाजतोय.

रविवार, २२

अक्का गेली. बारामती स्टँडवर ट्रंक मीच वर चढवली. आईनं लाडवाचा डबा दिला, कुलूप लावून, आन कुलपाची किल्ली तिच्या गळ्यात बांधली. अक्का हसली. मग रडली. मग आईबी.

मला येवढंच म्हणली, "मशिनला हात लावू नगंस." नऊ दिवसातलं पैलं वाक्य.

सोमवार, २३

मशिनला हात लावला.

आकडे पळाले, डिस्क खरखरली, आन शेवटाला पडद्यावर मराठी. इंग्रजी अक्षरात. एको लिवून. 'बिरू, तुझी ओळ कायम शेवटाला येती. ती कुलपाची ओळ डिस्क खरखरायच्या आदीच येत व्हती. मला आता ध्यानात आलं. किल्ल्या घरात एकीकडंच असत्यात. दर ऐतवारी सकाळी नऊला फोन करीन. आईला वाचून दाव.'

आईला आणलं. बोट ठेवून ठेवून वाचून दावलं. एक शब्द वरखाली न्हाय.

आई म्हणली, "खोटं. तूच लिवलंस."

म्हणलं, आये, तुझी शप्पत!

"तुझी शप्पत म्हाईताय मला."

गेली आत. जरा वेळानं बगितलं तर फोन मोकळा. ते कुलूप साखरंच्या डब्याला लावलंय. तितं आता दोन हायत.