दहा लाख एक

५ मार्च, सोमवार
ऑफिसला गेलो. आलो. जेवलो.
दादा गेल्यापासून सगळे म्हणतात, मन कशात तरी गुंतवा. माझं मन ठीक आहे. फक्त एक जुना वाद संपवायचा आहे. दादाच्या दुकानात शिलाई मशीन दुरुस्तीला यायची. एकावर नंबर होता १०,००,००१. मी म्हटलं, हा कशानेच भागला जात नाही. दादा म्हणाला, जातो. कितीने? तर म्हणे, शोध की, शिकलायस ना. पुढे दर रविवारी त्याच्या घरी हाच वाद. न सांगताच गेला. त्याला माहीतच नसणार.
संकल्प: हजारपर्यंतच्या सगळ्या मूळ संख्यांनी भागून बघणे. कागदावर. रविवारी विषय संपेल.

६ मार्च
३ ने बाकी दोन. ७ ने दोन. ११ ने दोन. १३ नेही दोन. शिस्तीचा आकडा. उलटा वाचला तरी तोच. कुणाला दाद देणार नाही.

८ मार्च
१७ ने बाकी दहा.
शेजारच्या टेबलावरच्या बाई म्हणाल्या, मोबाईलवर करा, दोन सेकंदांचं काम. मी म्हटलं, घाई नाही. त्या म्हणाल्या, मग निदान साहेबांच्या फाइलवर तरी करू नका.

१० मार्च, शनिवार
९७ ने बाकी अठ्ठावीस. वेग उत्तम. महिनाअखेर नक्की.

११ मार्च, रविवार
दादाच्या घराकडे निघालो होतो. चौकातून परत आलो. बूट चावत होता.

१२ मार्च
१०१ ने बाकी शून्य. वजाबाकी चुकली असणार. पुन्हा केलं. शून्य. पेन बदललं. शून्य. दिवसभराचा थकवा, दुसरं काय.
१०३ ने बाकी सत्त्याहत्तर. म्हणजे जमतंय.

१८ मार्च, रविवार
वहिनींचा फोन. म्हणाल्या, भाऊजी, तुमचा रविवार बंद झाला वाटतं. गेलो. कागद दाखवले. त्यांनी बघितलेही नाहीत. म्हणाल्या, एकशे एकने जातो, मशीन आलं त्याच आठवड्यात ह्यांनी काढलं होतं. मग मला का नाही सांगितलं, विचारलं. तर म्हणाल्या, सांगितलं असतं तर तुम्ही आला असतात का? दुसरं काय बोलायचात तुम्ही दोघं?
मी बराच वेळ कागद सारखे करत बसलो.
मग म्हटलं, बरं, एकशे एक. पण भागाकार येतो ९९०१, तो मात्र कशानेच जात नाही.
वहिनी म्हणाल्या, जातो.
कितीने?
शोधा, म्हणाल्या. पुढच्या रविवारी या आणि सांगा.
वहिनींना बाराच्या पुढचे पाढे येत नाहीत, हे त्या स्वतःच सांगतात.
खरं तर ९९०१ साठी ९७ पर्यंतच बघावं लागतं. आणि ज्याने मोठा आकडा गेला नाही त्याने हाही जायचा नाही. म्हणजे काम झालेलंच आहे. तरी दोनपासून पुन्हा तपासलेलं बरं.
घरी येऊन पुढच्या रविवारसाठी पँट धुतली, पिळली, वाळत घातली.