बिळातली मोहफुलं

गुरुवार, १२ एप्रिल १९८४. चंद्रपूर.

महिनाभर उंदरांनी जीव नकोसा केला. डाळ-तांदूळ सारं डब्यात बंद, तरी येऊनच राह्यले. खातात काय मेले? शेजारच्या शांताबाईंशी भांडलेसुद्धा, तुमच्याच घरून येतात म्हणून. उगाच भांडले.

परवा म्हटलं, माळा झाडून घेते. तर हे म्हणाले, "तू चढू नको, पडशीन. मी पाहतो ना." मले किती बरं वाटलं होतं! नवऱ्याले काळजी आहे म्हटलं.

आज हे ड्युटीवर गेल्यावर चुलीमागचं बीळ उकरलं. काडीसंगं वाळलेली मोहफुलं बाहेर आली, मूठभर. आमच्या घरात मोहफुलं? शिडी लावून माळ्यावर चढले. जुन्या गादीखाली पोतं, उंदरांनी कोपरा कुरतडलेलं. बाजूले मोहाच्या दारूची बाटली, अर्धी झालेली.

मागच्या बुद्धपौर्णिमेले विहारात माझ्या बाजूले बसून पंचशील घेतलं होतं यांनी. यापुढं दारूले शिवणार नाई म्हणाले, तेव्हा मी सगळ्यांसमोर रडले होते. आणि परवा म्हणे, "चढू नको, पडशीन." काळजी नेमकी कशाची होती?

संध्याकाळी हे आले. रोजच्यासारखंच हसत विचारलं, "आज पिंजऱ्यात काय लावून राह्यली?"

मी पदराच्या गाठीतलं एक मोहफूल काढलं आणि त्यांच्या डोळ्यांसमोर पिंजऱ्याच्या आकड्याले लावलं.

कुठून आणलं, हे त्यांनी विचारलं नाई.