अक्षर नातीचं

चि. धाकटीस, तुझ्या थोरल्या बहिणीचा पोटभर आशीर्वाद.

मी बरी आहे. दोन वेळा जेवते, गुडघे त्यांच्या मर्जीने चालतात. तुझ्या खांद्याचं काय? तेल कोमट करून लावतेस, की नुसताच आळस?

मी मालिश करते त्याच स्पाची आपली नात मॅनेजर झाली. पंधरा दिवसांचं ट्रेनिंग घेऊन आली. शिकवणाऱ्याने जन्मात कुणाची पाठ चोळली नसेल. "आजी, असं नको ना सांगू," म्हणते. तीच लिहितेय हे पत्र. लिही गं मुकाट्याने.

आल्या आल्या तिने नियम काढला. गिऱ्हाइकाचा फॉर्म ज्याला भरता येत नाही, त्याने अंगाला हात लावायचा नाही. फॉर्मवर विचारतात, कुठे दुखतं? अगं, मला हात ठेवला की कळतं. हिला मालिश मीच शिकवली, माझ्याच पाठीवर. आता मी मागच्या खोलीत टॉवेलांच्या घड्या घालते. माझं नेहमीचं गिऱ्हाईक आलं की ही गोड हसून सांगते, आजी रजेवर आहेत.

परवा हिची मान आखडली, तेव्हा मात्र मी रजेवर नव्हते. दाबून दिली. काय करणार, पोटची माया!

ही काय लिहिते, ते मला थोडंच वाचता येतंय? तुझ्या सुनेने टॉवेलांची गोष्ट वाचून दाखवली, तर समज, पोर अजून आपली आहे.

तुझी ताई
(अंगठा माझा)